घरच्या संगणकाला रॅम किती लागते? ८, १६ की ३२ जीबी?

इंदिरानगरकर

नमस्कार. घरातला डेस्कटॉप बदलायचा आहे आणि रॅमच्या, म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, प्रश्नावर गाडी अडली आहे. सध्याचा संगणक २०१४ साली नाशिकच्या शरणपूर रोडवरून जोडून घेतलेला आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-३ (जुन्या पिढीची) रॅम आणि ५०० जीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आमचा प्रोसेसर नाही, त्यामुळे नवा घेण्यावाचून पर्याय दिसत नाही.

वापर असा आहे: पत्नी काही छोट्या दुकानांचे हिशेब टॅलीमध्ये लिहिते आणि त्याच वेळी जीएसटीचे पोर्टल, एक्सेल व ईमेल उघडे ठेवते. मुलगी बारावीला असून पुढे अभियांत्रिकीला जायचे म्हणते. वडील दुपारी यूट्यूबवर कीर्तने आणि नाट्यसंगीत ऐकतात. मी अधूनमधून फोटो नीटनेटके करतो. खेळ कोणीही खेळत नाही.

एका दुकानदाराने ८ जीबी भरपूर झाली असे सांगितले, तर दुसऱ्याने ३२ टाकून घ्या म्हणजे पुन्हा बघायला नको, असा सल्ला दिला. असे का, हे दोघांनीही सांगितले नाही. आकडा ठरवण्याची काही रीत असेल तर जाणकारांनी ती समजावून सांगावी.

सातपूरकर

रीत आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन आपल्याकडच्या जुन्या संगणकातच आहे. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे संगणक सांभाळतो. तिथे नवे यंत्र घेण्याआधी आम्ही जुन्या यंत्रावर गर्दीच्या वेळी किती मेमरी मागितली जाते ते पाहतो आणि मगच आकडा लिहितो.

वहिनी नेहमीसारखे काम करत असताना, म्हणजे टॅली, पोर्टल, एक्सेल सगळे उघडे असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’ निवडा. वर जो टक्केवारीचा आलेख दिसतो त्याच्यावरच बहुतेक जण विसंबून राहतात, पण निर्णयाला तो अपुरा आहे. ‘इन यूज’ म्हणजे या क्षणी प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेला ऐवज, आणि तो रॅमपेक्षा मोठा होऊच शकत नाही. ४ जीबीच्या यंत्रावर गरज ९ जीबीची असली तरी तिथे साडेतीनच दिसणार. म्हणून त्याच्या खाली ‘कमिटेड’ असे लिहिलेली जोडी पाहा. तिच्यातला पहिला आकडा म्हणजे सर्व प्रोग्रामांना मिळून विंडोजने देऊ केलेली एकूण मेमरी. दुसरा आकडा म्हणजे देऊ करता येईल ती कमाल, अर्थात रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल यांची बेरीज.

पहिला आकडा रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर रॅमच्या बाहेर राहिलेला भाग विंडोज पेजफाइलमध्ये ठेवत आहे असे समजायला हरकत नाही. मात्र प्रोग्राम पुष्कळदा लागते त्यापेक्षा जास्त मेमरी मागून ठेवतात आणि सगळी वापरत नाहीत. शिवाय विंडोज १०पासून काही मजकूर रॅममध्येच आवळून ठेवला जातो. त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा म्हणून वाचावा. पडताळणी करायची असेल तर त्याच पानावरून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा आणि ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना पाहा. हवा असलेला मजकूर रॅममध्ये सापडला नाही आणि डिस्कवरून आणावा लागला, असे सेकंदाला किती वेळा घडले ते तिथे दिसते. प्रोग्राम उघडताना तो वाढणे स्वाभाविक आहे, पण सगळे उघडून झाल्यावर नुसते एका खिडकीतून दुसरीत जातानाही तो शेकड्यांत जात असेल तर रॅम कमी पडते आहे.

हे आकडे इथे लिहा, मग बोलू.

बागाईतदार निफाड

सातपूरकर साहेबांचे म्हणणे शास्त्राला धरून असेल, पण साध्या घरगुती वापराला एवढा खटाटोप हवा का, अशी शंका येते. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी आहे. द्राक्षांच्या हंगामात निर्यातीसाठी बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, मजुरांचे हिशेब, बँक आणि हवामानाची पाने एकाच वेळी उघडी असतात आणि यंत्र कुठे अडत नाही. खरा फरक पडला तो हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क, बसवल्यावर. पूर्वी सुरू व्हायलाच चहा करून पिण्याएवढा वेळ जायचा. इंदिरानगरकरांनी रॅमवर पैसे घालण्यापेक्षा एसएसडी चांगली घ्यावी, ८ जीबीत भागेल.

दुसरे म्हणजे, माझ्याकडे टास्क मॅनेजर कायम ७० टक्क्यांच्या आसपास दाखवतो. म्हणजे माझी रॅमसुद्धा संपत आली आहे असे धरायचे का?

सातपूरकर

भाऊ, एसएसडीबद्दल आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. फिरत्या डिस्कला हवी ती जागा शोधायलाच सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर एसएसडी तेच काम एका मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात करते. म्हणूनच रॅम थोडी अपुरी असली तरी एसएसडी असलेले यंत्र ते झाकून नेते आणि आपल्याला ८ जीबी भरपूर वाटते. तुमच्याच धंद्यातले सांगायचे तर निवडणीचे टेबल लहान असले तरी शीतगृह शेजारीच असेल तर क्रेट आत-बाहेर करायला फार वेळ जात नाही, तेच शीतगृह पिंपळगावला असेल तर माणसे हात बांधून बसतात. तरीही एसएसडी रॅमच्या तुलनेत कितीतरी संथ असते, आणि पेजफाइलवर सतत लिहिणे चालू राहिले तर तिच्या लेखनमर्यादेतलाही काही भाग खर्च होतो.

७० टक्क्यांनी घाबरू नका. यंत्रात जास्त रॅम असेल तर विंडोज आणि ब्राउझर दोघेही हात सैल सोडून वापरतात आणि कमी असेल तर आवरून घेतात, त्यामुळे तेच काम १६ जीबीच्या यंत्रावर जास्त जीबी अडवताना दिसते. ‘कॅश्ड’ या नावाखाली जो आकडा येतो तो बहुतांश नुकत्याच वापरलेल्या फाइलींचा असतो आणि दुसऱ्या कोणाला मेमरी लागली की त्यातला मोठा भाग तत्काळ मोकळा करून दिला जातो. तेव्हा ‘अव्हेलेबल’कडे लक्ष द्या. गर्दीच्या वेळीही तिथे एक-दीड जीबी उरत असेल, तर आपल्याला नवी रॅम घेण्याचे कारण नाही.

इंदिरानगरकर

आकडे घेतले. महिनाअखेरीचे काम चालू असताना, टॅली, दोन एक्सेल फाइली आणि क्रोममध्ये दहा-बारा टॅब उघडे होते. इन यूज ३.४, अव्हेलेबल ०.४, कमिटेड ७.२/९.१. हार्ड फॉल्ट्स टॅब बदलताना सहज तीन-चारशेच्या पुढे जातात आणि त्या वेळी डिस्कचा आलेख १०० टक्क्यांना टेकलेला असतो. हिच्या ‘हा पुन्हा अडकला’ या तक्रारीचा अर्थ आता लागला.

सातपूरकर

चित्र अगदी स्पष्ट आहे. मागणी ७ जीबीच्या आसपास, रॅम ४ आणि उरलेला भार संथ डिस्कवर. यातला काही भाग नुसताच मागून ठेवलेला आहे असे धरले तरी प्रत्यक्ष गरज ५ ते ६ जीबीच्या खाली येईल असे मला वाटत नाही.

यात आता पुढच्या गोष्टी मिळवा. नवे यंत्र विंडोज ११वर चालेल. कंपनीने किमान गरज ४ जीबी सांगितली आहे, पण त्याचा अर्थ प्रणाली बसेल एवढाच. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅममधून वाटा घेतील. काही यंत्रांत ५१२ एमबी किंवा त्याहून अधिक जागा सुरुवातीलाच बाजूला काढलेली असते आणि ती ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या नावाने दिसते. क्रोम वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवते. सुरक्षिततेसाठी ते चांगले आहे, पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. तेव्हा ८ जीबी घेतली तर आजच्या वापराला पुरेल, मात्र काठोकाठ. हे यंत्र आपण मागचे जसे दहा-अकरा वर्षे वापरले तसे वापरणार असाल तर ८ जीबी घेणे मला पटत नाही. १६ घ्या.

३२ची शिफारस आपण सांगितलेल्या वापरातून तरी निघत नाही. न वापरलेल्या रॅमने संगणक वेगवान होत नाही. थोड्याफार जास्त फाइली कॅशमध्ये राहतील, एवढेच.

अक्षरजुळणी

मी अक्षरजुळणीचे आणि पुस्तकांच्या मांडणीचे काम घरून करते. सातपूरकरांशी सहमत आहे, पण मुलीच्या अभियांत्रिकीचा मुद्दा असा सोडून देता येणार नाही, कारण तिथे शाखेनुसार उत्तर बदलते.

सॉफ्टवेअर कंपन्यांनी स्वतः दिलेल्या गरजा पाहाव्यात. फोटोशॉपला किमान ८ आणि शिफारस १६ जीबीची आहे. ऑटोकॅड ८ जीबीवर चालते. सॉलिडवर्क्स १६ जीबी किंवा त्याहून अधिक मागते. अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबीवर चालवता येते, पण त्यातला नकली फोन सुरू केला की १६ असल्याशिवाय काम करवत नाही. संगणकशाखेच्या मुलांना एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवून लिनक्स शिकायचे असते आणि त्याला दिलेली ४ जीबी मूळ यंत्राच्या वाट्यातून कमी होते. पहिल्या वर्षी सी किंवा पायथन शिकायला यातले काहीच लागत नाही.

माझ्या स्वतःच्या यंत्रात ३२ आहे आणि तिचा उपयोग होतो, कारण चारशे पानांचे पुस्तक, त्यातली मोठी छायाचित्रे आणि फोटोशॉप ही तिन्ही एकत्र उघडी असतात. फोटोची फाइल डिस्कवर २० एमबीची असली तरी उघडल्यावर प्रत्येक बिंदू सुटा मांडला जातो आणि वर थर चढत जातात, त्यामुळे मेमरीतला तिचा आकार कितीतरी पट होतो. अधूनमधून फोटोचा उजेड कमी-जास्त करणाऱ्याला याची झळ लागणार नाही.

तेव्हा आज १६ घ्यावी, पण मुलीने यंत्र अभियांत्रिकी घेतले तर ३२ करता येईल अशी सोय ठेवून घ्यावी.

इंदिरानगरकर

ताई, हे फार उपयोगी पडले. ‘सोय ठेवून’ म्हणजे नेमके काय पाहायचे? दुकानदाराने १६ जीबीसाठी ८-८च्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) लिहून दिल्या आहेत आणि मदरबोर्डला त्या बसवायचे स्लॉट दोनच आहेत.

अक्षरजुळणी

मग सोय राहिलीच कुठे? दोन्ही स्लॉट भरले म्हणजे उद्या ३२ करताना दोन्ही ८च्या स्टिक काढून ठेवाव्या लागतील आणि जुन्या स्टिकला हातात फारसे काही येत नाही. एक १६ची घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा.

सातपूरकर

इथे माझा थोडा मतभेद आहे. दुकानदाराने चुकीचे लिहून दिलेले नाही. दोन सारख्या स्टिक योग्य स्लॉटमध्ये असल्या की प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी मजकूर आणतो, यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. डीडीआर-४, ३२०० वेगाच्या एका स्टिकची सैद्धांतिक कमाल सेकंदाला २५.६ जीबी आहे, दोन असतील तर ५१.२. टॅली आणि एक्सेलला हा फरक जाणवणार नाही. पण वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचे चित्रही याच वाटेने जाते. सॉलिडवर्क्समधला भाग माउसने फिरवताना किंवा व्हिडिओचे संपादन करताना एकच स्टिक असलेले यंत्र मागे पडते.

गोदाकाठ

मध्येच लिहितो, क्षमस्व. दोघेही बरोबर आहात, पण आधी विचारायला हवे की मदरबोर्ड डीडीआर-४चा आहे की डीडीआर-५चा. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला दोन्ही प्रकार चालतात. त्यांच्यासाठी बाजारात असलेल्या एच६१० या मदरबोर्डांचेही दोन्ही प्रकार मिळतात आणि कोटेशनवर बरेचदा नुसतेच ‘१६ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते. एका प्रकारची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर-५मध्ये आणखी एक बारकावा आहे. ८ जीबीच्या स्टिकवर साधारणपणे चारच चिप असतात, त्यांची अंतर्गत रचना आखूड असते आणि त्यामुळे त्या १६च्या स्टिकपेक्षा काहीशा हळू चालतात. म्हणून डीडीआर-५ असेल तर अक्षरजुळणी ताईंचा सल्ला अधिक योग्य ठरतो.

चार स्लॉटचा बोर्ड परवडत असेल तर ८-८ लावून दोन मोकळे ठेवता येतात. मात्र चारही भरल्यावर, विशेषतः डीडीआर-५मध्ये, रॅमचा वेग बरेचदा खाली आणावा लागतो. शिवाय नंतर घेतलेली जोडी आधीच्या जोडीशी जुळेलच असे नाही.

बागाईतदार निफाड

मुलीला शेवटी वसतिगृहात लॅपटॉप लागणारच आहे, मग डेस्कटॉपवर एवढी चर्चा कशाला? तोच घेऊन टाका आणि घरी आली की मोठ्या पडद्याला जोडा.

गोदाकाठ

भाऊ, नाशकातच प्रवेश मिळाला तर वसतिगृहाचा प्रश्न येत नाही आणि वहिनींचे टॅली मुलीबरोबर कॉलेजात पाठवता येणार नाही. पण लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेकदा मदरबोर्डला डाग देऊन बसवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. ॲपलने ऑक्टोबर २०२४मध्ये आपल्या बहुतेक मॅकची किमान मेमरी ८वरून १६ जीबी केली आणि मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी कोपायलट प्लस या वर्गातल्या संगणकांना १६ जीबीची अट घातली, ती बहुधा उद्याचा विचार करूनच. डाग दिलेली रॅम असेल तर पुढच्या पाच वर्षांची गरज आजच धरावी लागते, डेस्कटॉपवर ती सक्ती नाही.

इंदिरानगरकर

दुकानदाराला फोन केला. बोर्ड एच६१०, डीडीआर-४चा, स्लॉट दोन. प्रोसेसर बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ग्राफिक्स कार्ड नाही. भावाबद्दल तो म्हणाला की रॅम महाग झाली आहे आणि थांबलात तर आणखी महाग होईल. हा नेहमीचा विक्रीचा सूर की खरेच तसे आहे?

सातपूरकर

महाग झाली आहे हे खरे. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला प्रचंड मागणी आली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. पुढे भाव कुठे जातील यावर मी पैज लावणार नाही. आपल्यापुरता यातून एवढाच अर्थ काढावा की ३२ जीबी ‘असू द्या’ म्हणून घेणे आत्ता आणखीच महागात पडेल.

आपल्या बाबतीत ताईंच्या बाजूने कौल देतो. डीडीआर-४ची १६ची एक स्टिक घ्या. महिनाअखेरीचे हिशेब आणि कीर्तने यांना एका मार्गाने मिळणारा वेग पुरेसा आहे. मुलीची शाखा ठरली आणि गरज पडली तर तशीच दुसरी लावा, म्हणजे ३२ही होतील आणि ड्युअल चॅनलही मिळेल. त्यासाठी स्टिकवरचा पूर्ण क्रमांक आणि वेग बिलावर लिहून घ्या. ‘१६ जीबी रॅम, १ नग’ एवढ्याच मजकुरावर दोन वर्षांनी तिची जोडी शोधणे कठीण होते.

अक्षरजुळणी

वापरलेली रॅम स्वस्तात देतो असे कोणी म्हणाले तर सरसकट नाही म्हणू नका, कारण रॅमला झिजणारे भाग नसतात. पण घरी आणल्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून पाहा आणि एक जरी चूक दिसली तरी परत करा. सदोष रॅमचा त्रास असा की यंत्र लगेच बंद पडत नाही, पण फाइली हळूहळू बिघडतात. टॅलीच्या डेटाच्या बाबतीत तो धोका पत्करण्यासारखा नाही. नव्या स्टिकवरही ही चाचणी करायला हरकत नाही.

इंदिरानगरकर

ठरले. १६ची एक स्टिक, दुसरा स्लॉट मोकळा, ५१२ जीबीची एसएसडी. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची एक विचारणा: जुना संगणक वडिलांच्या खोलीत कीर्तनांसाठी ठेवता येईल का? जुन्या रॅमचा नव्या यंत्रात उपयोग नाही, हे तर कळलेच.

गोदाकाठ

ठेवता येईल, पण त्यावर आधार संपलेले विंडोज १० चालवू नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवा. ते २ जीबीवर बसते आणि ४ जीबी असेल तर नीट चालते. आधी हार्ड डिस्क काढून लहानशी साटा (जुन्या यंत्रातल्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी लावा, जुन्या यंत्रावर सर्वांत मोठा फरक तिनेच पडेल. एका वेळी यूट्यूबचा एकच टॅब उघडा राहणार असेल तर रॅम वाढवायची गरज नाही. तरी अडखळले तर दुसरा स्लॉट रिकामा आहे का पाहा आणि डीडीआर-३ची ४ जीबीची वापरलेली स्टिक शोधा. फक्त लॅपटॉपची आखूड स्टिक कोणी हातात देत नाही ना, एवढे बघा. डेस्कटॉपच्या डीडीआर-३ला २४० पिना असतात, लॅपटॉपच्या स्टिकला २०४.